बिनगोळीची झोप आणि गुरुवारची मंडळी

माझ्या टेबलाला एक ड्रॉवर आहे, तो बंद होत नाही. औषध कंपन्यांची माणसं येतात, कोणी पेन ठेवून जातं, कोणी कॅलेंडर, कोणी मेंदूच्या आकाराचं खोडरबर. कोणी ठरवून काही साठवलेलं नाही, पण आता एक वस्तू काढायला गेलं की तिच्यात अडकून दुसरी बाहेर येते. आमच्या दवाखान्यातल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. लोकांना वाटतं, मनाच्या आजारांचा दवाखाना म्हणजे सगळे तोंड पाडून बसलेले असणार. ओपीडी चालू असेपर्यंत असतोही आम्ही गंभीर. पण गुरुवारी दुपारी आमची बैठक बसते आणि मग ड्रॉवर उघडतो.

मी इथं समुपदेशक आहे. दवाखाना बीड जिल्ह्यातलाच, चौसाळ्याहून काळीपिवळी जीपमध्ये बसलं की दारात उतरवते. गुरुवारी पेशंट संपले की आम्ही पाच जण औषधांच्या खोलीमागच्या हॉलमध्ये बसून एखादा वैद्यकीय लेख वाचतो आणि त्याची चिरफाड करतो. शहरातल्या मोठ्या कॉलेजांत याला जर्नल क्लब म्हणतात. आमच्याकडं शोभा सिस्टर त्याला ‘गुरुवारचं भांडण’ म्हणतात.

आज सांगते ते सगळे किस्से एकाच लेखाचे आहेत. हिवाळाभर आम्ही त्या एका लेखाच्या मागं लागलो होतो.

* * *

बैठकीचे प्रमुख आमचे मोठे सर. मनोविकारतज्ज्ञ, रिटायर व्हायला आलेले, बिनसाखरेचा चहा पितात आणि कोणी काहीही म्हणालं की विचारतात, “कोणाच्या तुलनेत?” त्यांचा नियम असा की, लेखातला उपाय ‘उपयोगी’ आहे असं जो तुलना न सांगता म्हणेल, त्यानं सगळ्यांना भजी खाऊ घालायची. सरांनी स्वतः आजवर एकदाही भजी दिली नव्हती, कारण सरांनी आजवर कशालाच उपयोगी म्हटलं नव्हतं.

डॉक्टर अमोल तलवाड्याकडचा पोरगा, शिक्षण संपवून नुकताच आमच्याकडं लागलेला. उत्साह असा की जिन्यानं चालत कधी येत नाही, पळतच येतो. एका गुरुवारी तो लेखाच्या पाच प्रती काढून घेऊन आला. विषय होता, उदासीच्या आजारात झोपेसाठी गोळ्या न देता करायचे उपाय. जगभरातले वेगवेगळे अभ्यास गोळा करून त्यांचा काढलेला आढावा.

अमोल उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “सर, थोडक्यात सांगायचं तर, उपयोग होतो.”

सरांनी नुसतं खिडकीबाहेर भजीच्या गाड्याकडं पाहिलं. अमोल खाली बसला आणि पाकीट काढू लागला. आमच्या बैठकीच्या इतिहासात इतक्या लवकर कोणी पडलं नव्हतं.

भजी खाता खाता सरांनी विचारलं, हाच लेख का? अमोल म्हणाला, “मारुतीसाठी.” त्यावर कोणी हसलं नाही.

* * *

आता मारुतीचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

मारुती धनगर, चौसाळ्याच्या बाजूचा. मेंढरं राखणारा माणूस. सुगी झाली की त्याचं कुटुंब कळप घेऊन रानोरान फिरतं. शेतकरी आपल्या मोकळ्या रानात रात्री मेंढ्या बसवून घेतात, रानाला खत मिळतं. मारुतीला त्याची बायको पारूबाई घेऊन आली होती. झोप गेलेली, बोलणं बंद, भाकरी समोर आली तशी परत जायची. उदासीचा आजार होता, त्यात शंका नव्हती. आम्ही सकाळची एक गोळी दिली आणि रात्रीची झोपेची एक.

झोपेच्या गोळीनं झोप लागली, पण सकाळी डोकं जड राहायचं. एकदा कळप हायवे ओलांडत असताना मारुती रस्त्याच्या मधोमध तसाच उभा राहिला, समोरून ट्रक येत असताना. पारूबाईनं हाताला धरून ओढलं. त्यानंतर त्यानं सगळ्याच गोळ्या बंद करून टाकल्या, सकाळची चांगली गोळीसुद्धा. आजार पुन्हा वाढला. त्याचा थोरला भाऊ म्हणायला लागला की आता कळप विकून टाकू आणि मारुतीला गावात आणून बसवू.

पारूबाई मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेली आणि म्हणाली, “ताई, मेंढरं गेली तर हे सकाळी कशापायी उठतील? आन् ह्यांना एकटं सोडायचं मला भ्या वाटतंय. विहिरीवर बी मी जाऊ देत न्हाई. रातभर मी जागी, हे बी जागे.” तिचे डोळे त्याच्याहून लाल होते. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे इथं सांगून टाकते.

सरांनी मारुतीला समजावून सकाळची गोळी पुन्हा चालू केली. झोपेची गोळी नको, हे तर झालंच होतं. मग झोपेचं काय? अमोल म्हणाला, गोळ्यांशिवायचे उपाय आहेत. सर म्हणाले, आहेत हे मलाही माहीत आहे, पण पेशंटच्या गळ्यात मारण्याआधी आपण वाचू. मी मनातून चिडले होते. तिकडं एक बाई जागून जागून मोडायला आली आणि इकडं आम्ही भजी खात लेख वाचणार! पण सरांशी भांडून उपयोग नसतो. माझं हे वाक्यसुद्धा ते तुलनेशिवाय मान्य करणार नाहीत.

* * *

आमचे औषधवाले खय्यूमभाई या लेखावर पहिल्या दिवसापासून नाराज होते. बिनऔषधी उपाय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जरा मागंच घेतली होती.

अमोल एकेक उपाय वाचत होता. झोपेच्या वेळा बांधून देणं, झोपेविषयीच्या चुकीच्या समजुती समुपदेशनानं काढणं, सकाळी उजेडात बसवणं, व्यायाम, अंग सैल सोडायला शिकवणं. खय्यूमभाई सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “डॉक्टरसाब, ये सब ठीक है. पण जेवणाच्या आधी घ्यायचं का नंतर?”

सगळे हसले. सर मात्र चष्मा लावून लेखात शोधू लागले. कोणता उपाय कोणी दिला, किती दिवस दिला, कसा दिला? काही अभ्यासांचं नीट लिहिलेलं होतं, काहींपुढं नुसतं ‘सल्ला दिला’ एवढंच. सर म्हणाले, खय्यूमभाई, तुमच्या दुकानात असं लेबल चाललं असतं का? खय्यूमभाईंची खुर्ची पुन्हा टेबलाजवळ आली ती कायमची.

त्याच यादीत शेवटी एक उपाय होता, पेशंटला मुद्दाम एक रात्रभर जागं ठेवायचं. त्यानं काही जणांची उदासी दुसऱ्या दिवशी तात्पुरती कमी होते म्हणे. शोभा सिस्टर युसूफ वडगावच्या, वॉर्ड त्यांच्या आवाजावर चालतो. त्या ताडकन म्हणाल्या, “मग आमच्या गावात कोणी उदास राहायलाच नको. लग्न झालं की जागरण गोंधळ असतोच.”

अमोल म्हणाला, सिस्टर, ते वेगळं. सिस्टर म्हणाल्या, वेगळं कसं? रात्रभर जागायचं, सकाळी सगळ्यांना बरं वाटतं.

“कोणाच्या तुलनेत?” सरांनी विचारलं.

“मांडवात जे झोपले त्यांच्या,” सिस्टर म्हणाल्या. 

मग सरांनी मुद्द्याचं सांगितलं. आढावा काढणाऱ्यांनी जागवणं आणि झोपवणं, उजेड आणि व्यायाम, सगळं एका पातेल्यात घालून सरासरी काढली होती. सर म्हणाले, मिसळ चांगली झाली एवढ्यावरून मटकी चांगली होती असं म्हणता येत नाही, कदाचित फरसाणाची कमाल असेल. मारुतीला रात्रभर जागवायचा प्रयोग त्यांनी तिथंच बाद केला. तो माणूस आधीच जागा होता.

* * *

पुढच्या गुरुवारी तुलनेची पाळी आली. अमोल यावेळी तयारीनं आला होता. त्यानं सांगितलं की, बऱ्याच अभ्यासांत एका गटाला उपाय दिला आणि दुसऱ्या गटाला नुसतं थांबवून ठेवलं. तुमचा नंबर नंतर लागेल, असं सांगून. त्याला प्रतीक्षा यादी म्हणतात.

सरांचा आक्षेप असा की नुसतं थांबवलेला माणूस वैतागतो. त्याच्याशी तुलना केली तर कोणताही उपाय चांगलाच दिसणार. एक गट खुर्चीत बसवून प्रेमानं ऐकून घेतला आणि दुसरा ताटकळत ठेवला, तर फरक उपायाचा की प्रेमानं ऐकण्याचा?

शोभा सिस्टरांनी हे फारच मनावर घेतलं. सोमवारी ओपीडीला तोबा गर्दी होती. एक आजोबा सकाळपासून बसून कंटाळले आणि सिस्टरांवर ओरडायला लागले. एरवी सिस्टरांनी त्यांना गप्प केलं असतं. त्या दिवशी त्यांनी शांतपणे समजावलं, “बाबा, तुम्ही सध्या थांबलेल्या गटात आहात. मोठ्या देशांत सुद्धा असंच करतात.”

 आजोबा शेजारच्या माणसाला म्हणाले, “बघ बे, मी तुला म्हणलं नव्हतं का, ह्यांचे दोन गट हायेत म्हणून?”

दुपारपर्यंत अर्ध्या ओपीडीला कळलं होतं की इथं दोन गट असतात आणि वशिला लावला तर दुसऱ्यात जाता येतं. एका सरपंचाचा मला फोन आला, आमच्या माणसाला जरा चांगल्या गटात घ्या म्हणून! पुढच्या गुरुवारी भजी सिस्टरांकडून आली. त्या म्हणाल्या, नियमात बसत नसलं तरी ही मी माझ्या मनानं देते.

* * *

मग सरांनी फर्मान काढलं. पेशंटला जे सांगणार ते आधी आठवडाभर स्वतः करून बघायचं. उठायची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. दुपारी झोपायचं नाही. अंथरुणात फक्त झोपायचं, पडून फोन नाही, हिशेब नाही, काळजी नाही. आणि झोप येत नसेल तर पडून राहायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं.

खय्यूमभाई पहिल्याच दुपारी नापास झाले. औषधाच्या खिडकीचं शटर अर्धं खाली आणि आतून शांतता. सिस्टरांनी वाकून पाहिलं तर भाई गोळ्यांच्या खोक्यावर मान टेकून झोपलेले. उठवल्यावर म्हणाले, मी तुलनेचा गट आहे, कोणीतरी पाहिजे ना!

माझ्या घरी वेगळंच झालं. मला एका रात्री खरंच झोप येईना. नियमाप्रमाणं मी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांनी मला उशी पोटाशी धरून अंधारात बसलेली पाहिली. काही बोलल्या नाहीत. सकाळी मी उठायच्या आत त्यांनी आपल्या मुलाला समोर बसवून अर्धा तास झाडला. बायकोला असं बाहेरच्या खोलीत झोपायला लावतात का, आपल्या घरात ही रीत नव्हती, वगैरे. बिचारा माझा नवरा. आपलं काय चुकलं हे त्याला कळेना, पण चुकलं असणार हे त्याला पटलं. दोन दिवस मला हातात चहा मिळाला.

गुरुवारी मी हे सांगितल्यावर सरांनी विचारलं, उपायाचे दुष्परिणाम या आढाव्यात कुठं नोंदवलेत का? अमोलनं पानं उलटली. फारसे नाहीत, म्हणाला. सर म्हणाले, बघा, दुष्परिणाम झाले नाहीत आणि दुष्परिणाम विचारले नाहीत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडं एका निरपराध माणसाला बोलणी खावी लागली.

पण त्या आठवड्यात एक झालं. शेवटच्या दोन दिवसांत मला पडल्या पडल्या झोप लागली. मी ते बैठकीत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांनी तुलना मागितली असती.

* * *

शेवटी निकाल लागला. सरांनी लेख मिटला आणि म्हणाले, “आढावा मध्यम आहे. पातेलं एकच केलंय, तुलना लंगडी आहे, पेशंटलाच विचारून निकाल लावलाय. पण झोपेच्या वेळा बांधायचा जो भाग आहे, तो बऱ्यापैकी टिकतो. त्यात धोका कमी आहे. सकाळची गोळी चालू ठेवून मारुतीला तेवढाच भाग देऊ. पारूबाईला रोज फोन करायचा, आणि काही उलटसुलट वाटलं तर लगेच बोलवून घ्यायचं.”

माझ्या छातीवरचा दगड थोडा हलला. पूर्ण उतरला नव्हता, पण हलला.

मी मारुती आणि पारूबाईला समोर बसवून नियम सांगायला लागले. पलंगावर फक्त झोपायचं, म्हणाले. मारुतीनं मान हलवली. झोप नाही आली तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, म्हणाले. मारुतीनं पुन्हा मान हलवली.

पारूबाई म्हणाली, “ताई, दुसरी खोली सांगता खरं. पन पयली कुठं हाय?”

 उघड्या रानात, घोंगडीवर, कळपाच्या कडेला झोपणारा माणूस, आणि मी त्याला पलंग आणि खोल्या सांगत होते! लेख तपासताना शेवटचा प्रश्न असतो, हे आपल्या माणसांना लागू पडतं का? तो प्रश्न आम्ही बैठकीत वाचला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि पुढं गेलो होतो. मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. घोंगडी हा पलंग. कळपाच्या पलीकडचा बांधावरचा एक दगड ही दुसरी खोली. झोप आली नाही की उठून दगडावर बसायचं.

मला वाटलं, झालं काम.

* * *

चार-पाच दिवसांनी ओपीडीत एक धिप्पाड माणूस मोटरसायकलवरून आला. पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं, मागं दोन गडी. ज्यांच्या रानात मारुतीचा कळप बसला होता ते जमीनदार पाटील. ते थेट सरांच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, “डॉक्टर, त्या मारुतीचं औषध बदला. माझ्या हरभऱ्याला लागू पडत न्हाई!”

सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. हळूहळू उलगडा झाला. मारुती नियमाप्रमाणं उठायचा, घोंगडी खांद्यावर टाकायचा, काठी उचलायचा आणि दगडाकडं निघायचा. आता मेंढरांना काय माहीत हा उपचार आहे म्हणून? मालक घोंगडी खांद्यावर टाकून काठी घेऊन निघाला म्हणजे मुक्काम हलला, एवढंच त्यांना ठाऊक. सगळा कळप उठून त्याच्या मागं. कुत्री पुढं, मेंढरं मागं. बांधापलीकडं पाटलांचा हरभरा, आणि तिथंच आमची दुसरी खोली.

पाटील म्हणाले, मी आधी म्हटलं ह्याला वेड लागलं, रातच्याला उठून वरात काढायलाय. विचारलं तर म्हणतो, दवाखान्यानं सांगितलंय!

सर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. पाटीलही शेवटी हसले, कारण हरभऱ्याचं फार नुकसान झालं नव्हतं. कुत्र्यांनी वेळेवर कळप वळवला होता. जाताना मात्र बजावून गेले की पुढचं औषध माझ्या रानापासून लांब द्या.

दुसऱ्या दिवशी मारुतीला बोलावलं. मी माफीच्या सुरात विचारलं, आता काय करायचं? मला वाटलं नेहमीसारखा मान खाली घालेल. पण तो बोलला. आमच्याकडं यायला लागल्यापासून पहिल्यांदा तो सलग बोलला.

“घोंगडी न् काठी तितंच ठिवून उठाया पायजे,” तो म्हणाला. “घोंगडी जागेवर दिसली की मेंढरं बसून ऱ्हातेत. त्यांला वाटतं मी हायेच. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आधी असं झालं नसतं.” आणि त्याच्या तोंडावर किंचित हसू आलं, स्वतःच्याच फजितीचं.

पारूबाईनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. त्या एवढ्याशा हसण्याचा मला जो आनंद झाला, तो मी कोणत्याच तुलनेत बसवू शकत नाही. दुसरी खोली पाटलांच्या हरभऱ्याच्या विरुद्ध बाजूला हलवली आणि उपाय पुन्हा चालू झाला.

* * *

पुढचे काही आठवडे मारुती ठरल्याप्रमाणं यायचा. सर विचारायचे, झोप कशी आहे? मारुती म्हणायचा, बरं हाय.

अमोल खूश. सर नाहीत. त्यांचं म्हणणं, आपल्या भागात डॉक्टरला ‘बरं हाय’ म्हणणं ही तब्येत नसून रीत आहे. त्यांनी एक जुना पेशंट सांगितला. खाटेवर घालून चौघांनी आणला होता, अंगात ताप, डोळे उघडत नव्हते. सरांनी विचारलं, कसं काय? तर खाटेवरून आवाज आला, “लई बरं हाय सायेब, तुमचं कसंय?”

म्हणून सरांची अट अशी होती की निकाल पेशंटनं सांगायचा नाही, आपणही सांगायचा नाही. ज्याला आपण कोणता उपचार दिलाय हे मुळीच माहीत नाही, अशा कोणीतरी सांगावं की मारुती झोपतो. चांगल्या अभ्यासात असंच करतात आणि या आढाव्यातल्या बऱ्याच अभ्यासांत नेमकं तेच नव्हतं.

आता असा माणूस आणायचा कुठून? पारूबाईला सगळं माहीत. भावाला तिनं सांगितलेलं. पाटलांना तर आमच्याहून जास्त माहीत! खय्यूमभाई म्हणाले, मी बघून येतो, मला काही सांगू नका. पण बैठकीत ते होतेच, शिवाय झोपेची गोळी मारुतीच्या नावावर जात नाही हे त्यांच्याच खिडकीतून कळत होतं, म्हणून सरांनी त्यांनाही बाद केलं. अमोल कंटाळून मला म्हणाला, सर रिटायर होतील पण मानणार नाहीत.

सरांचा मुद्दा मला कळत होता आणि रागही येत होता. भावानं कळपाला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. मारुती बरा होतोय, एवढं मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो थांबणार नव्हता. आणि सर खात्री झाल्याशिवाय बोलणार नव्हते.

* * *

तो गुरुवार मला विसरता येणार नाही. बैठक सुरू झाली होती, चहा आला होता. इतक्यात दारात पारूबाई. मागं मारुती आणि त्याचा थोरला भाऊ. एरवी पारूबाई अशी बैठकीत शिरली नसती.  मी उठून पुढं गेले, तर तिनं माझे हात धरले. तेव्हा दिसलं की तिचे डोळे लाल नव्हते.

सरांनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि काय झालं ते विचारलं.

पारूबाई म्हणाली, “सायेब, एक मेंढी व्यायला झालती. तशी मेंढी आमी जवळ बांधतो, हिला ह्यांच्या उशाला बांधली. पयलं मेंढी नुसती उठली तरी हे उठायचे. मी बी जागीच ऱ्हायची, पन त्या रातीला माझा डोळा लागला. सकाळी उजाडल्यावर बगते तर मेंढी व्यालेली. कोकरू ह्यांच्या घोंगडीत शिरलेलं, ह्यांच्या पोटाशी. आन् मेंढी कोकराला चाटता चाटता ह्यांचं तोंड बी चाटायली. दोघं बी तिचेच म्हणून! आन् हे घोरायलेत.”

मारुती लाजून खाली बघत होता, पण हसत होता. भाऊसुद्धा गालातल्या गालात हसत होता.

“मी उठवलंच न्हाई,” पारूबाई म्हणाली. “तितंच बसून रडले. मंग ऊन वर आलं तवा हे उठले न् मला म्हणाले, भूक लागलीय.”

शोभा सिस्टरांनी पदर डोळ्याला लावला. अमोल सरांकडं बघायला लागला, खय्यूमभाई सरांकडं, मी सरांकडं.  सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अगदी गंभीरपणे विचारलं, “पारूबाई, नीट आठवून सांगा. आम्ही मारुतीला काय उपचार सांगितलाय, हे त्या मेंढीला माहीत होतं का?”

पारूबाई गोंधळली. तिनं माझ्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

“न्हाई की, सायेब,” ती म्हणाली. “तिला कशापायी सांगू?”

सर थोरल्या भावाकडं वळले. “कळप विकू नका,” म्हणाले. “तुमचा भाऊ बरा होतोय.”

मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि अमोलपुढं धरलं.

“जा, भजी घेऊन ये. सगळ्यांना.”